पहारेकरी की खीळ?

पी-५३ या प्रथिनाला ‘जनुकसंचाचा पहारेकरी’ ही उपमा डेव्हिड लेन यांनी १९९२ साली ‘नेचर’मध्ये दिली. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला अवसर देते, नाहीतर पेशीला मरण पत्करायला लावते. एवढे सांगायला उपमा चांगली आहे. पण पहारेकरी निकामी कसा होतो, या प्रश्नापाशी ती तोकडी पडते. विद्यार्थी म्हणणार, तो झोपला! प्रथिन झोपत नाही. त्याचा आकार बिघडतो.

सतराव्या गुणसूत्रावरील टीपी-५३ या जनुकावरून ३९३ अमिनो आम्लांची माळ बनते. तिच्या मधल्या, डीएनएला धरणाऱ्या भागात जस्ताचा एकच अणू असतो. तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन मिळून त्याला धरून ठेवतात. बैलगाडीच्या आसाच्या टोकाची खीळ आठवा. ती निघाली की चाक जागेवर राहत नाही. १७५ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडीन आले, तर जस्ताची पकड सुटते आणि प्रथिनाची घडी विस्कटते. कर्करोगाच्या गाठींत हा बदल वारंवार सापडतो. (यावरून जस्ताच्या गोळ्या खाऊन कर्करोग टळतो, असा अर्थ मात्र काढू नये.)

शिवाय हे रेणू चार-चार मिळून काम करतात. त्यांतला एखादा बिघडला, तर चांगल्यांचेही काम अडते. पहारेकरी गैरहजर असण्याहून ही गोष्ट निराळी आहे. संशोधकही येथे चकले होते. १९७९ साली सापडलेले हे प्रथिन सुमारे दहा वर्षे कर्करोग घडवणारे मानले गेले, कारण प्रयोगांत वापरलेली जनुके आधीच बिघडलेली होती.

उपमेचा खरा तोटा होतो तो चाकूरसारख्या गावातल्या वर्गात. ‘आपला पहारेकरीच कच्चा’ असे मनात धरलेला मुलगा कर्करोगाला घराण्यातून आलेला भोग समजतो आणि निर्धास्तपणे पुडी फोडतो. वस्तुतः हा बिघाड जन्मतःच असणारी कुटुंबे विरळा. बहुतेकदा तो एखाद्या पेशीत पुढे आयुष्यात घडतो. बार्शीला १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगांची नोंद ठेवली जाते. सारे नशिबातच असते, तर त्या खटाटोपाचे कारण नव्हते. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरिनपासून बनणारे रसायन या जनुकात नेमके कोठे चिकटते, हे १९९६ मध्ये दिसले. फुप्फुसाच्या कर्करोगात ज्या जागी बदल आढळतात, त्याच त्या जागा. चघळायच्या तंबाखूत नायट्रोसमाइन्स असतात. डीएनएला तीही सोडत नाहीत.