लोलकाचा चष्मा व कर्णजन्य भोवळ : एका उपपत्तीचे परीक्षण

कोल्हापुरातील रोग्याच्या तोंडी भोवळ, घेरी आणि चक्कर हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी येतात. 'भोवळ येऊन पडला' म्हणजे शुद्ध हरपली. घर गरगर फिरू लागले, तर तीही भोवळच. माधवनिदानाने मूर्च्छा आणि भ्रम एकाच अध्यायात घेतले असले, तरी पहिलीत तमाचे व दुसऱ्यात रजाचे प्राबल्य सांगून भेद कायम ठेवला. व्यवहारभाषेने तो पुसला. लोलकाच्या चष्म्याने अंतःकर्णाचा विकार बरा होतो, या मताचे बरेचसे बळ अशाच शब्दसंकरात आहे.

हे मत नवे नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास हॉलंडमधील नेत्रवैद्य उटरम्यूलेन यांनी मेनिएरच्या व्याधीवर लोलकाचा उपाय पुढे मांडला होता. परंतु लोलक करतो काय? एक एककाचा लोलक एक मीटर अंतरावर किरणाला १ सेंटिमीटर ढळवितो. हे ढळणे ठरीव असते. उलटपक्षी अर्धवर्तुळाकार नलिका मस्तकाच्या फिरण्याची वार्ता देतात आणि सुमारे दहा सहस्रांश सेकंदात नेत्रगोलक विरुद्ध दिशेस वळतो. बिघाड गतीच्या वार्तेत असता स्थिर ढळण्याने तो दुरुस्त कसा व्हावा, याचे समाधानकारक उत्तर या उपपत्तीपाशी नाही.

दोन्ही डोळ्यांच्या रोखात वरखाली असा सूक्ष्म फरक असेल, तर डोकेदुखी व अस्थिरता संभवते, आणि तेथे लोलक उपयोगी पडू शकतो. मात्र तो दोष डोळ्यांच्या जुळणीचा. कानाचा रोगी म्हणून आलेला मनुष्य केवळ अशा चष्म्याने बरा झाला, तर कानाविषयीचे निदानच संशयास्पद ठरते. अंतःकर्णातील गुरुत्वसंवेदी भाग बिघडूनही डोळे वरखाली होतात व दुहेरी दिसते, हे खरे. तेथेही लोलक दुहेरीपण मिटवितो, कान नव्हे.

पुराव्याचीही अशीच स्थिती आहे. समर्थनार्थ दाखविले जाणारे पुष्कळसे अहवाल उपचारापूर्वीच्या व नंतरच्या प्रश्नावल्यांची तुलना करणारे आहेत. तुलनेसाठी साधा चष्मा दिलेला गट त्यांत नसतो. मेनिएरच्या व्याधीत झटके आपोआप थांबतात व पुन्हा येतात. मधल्या काळात घातलेल्या कोणत्याही चष्म्याला यश मिळावयाचेच! (ताईत बांधणाऱ्याची गणना याहून फारशी निराळी नसते.)

ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. कूस बदलताच क्षणभर येणारी गरगर पुष्कळदा नलिकेत शिरलेल्या चुनखडीच्या कणांमुळे असते. एप्ली यांनी १९९२ साली वर्णिलेल्या क्रियेत मस्तक क्रमाने वळवून ते कण जागी आणले जातात. त्याला ना औषध लागते, ना भिंग. कॉथॉर्न व कुक्सी यांचे १९४० नंतरच्या दशकातील व्यायामही मस्तक व डोळे हालवूनच मेंदूला नवी सवय लावतात. अशा रोग्याला आधी चष्म्याच्या दुकानी धाडले, तर तो महिनोन्‌महिने कुशीवर वळण्यास भीत राहतो, आणि त्याच्या कागदावर निदान म्हणून 'भोवळ' एवढाच शब्द असतो.