पिवळा त्रिकोण काय सांगत नाही?

लेसरने केस काढणे, डोळ्यांवर उपचार करणे या गोष्टी आता शहाड-उल्हासनगरकरांनाही नव्या नाहीत. अशा खोलीच्या दारावर जे चिन्ह लावतात त्यात पिवळ्या त्रिकोणात चहूकडे किरण फेकणारा तारा असतो. त्यातला एक किरण लांब. चिन्ह लक्ष वेधून घेते हे मान्य. पण अर्थाच्या दृष्टीने ते आम्हांला दिशाभूल करणारे वाटते.

तारा पाहून वाटते, धोका लखलखाटाचा आहे. चमकले की डोळे मिटू. परंतु एनडी-याग लेसर १०६४ नॅनोमीटरचे अवरक्त किरण देतो. ते दिसतच नाहीत, म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्याचे भिंग मात्र ते दृष्टिपटलावर एकवटते. तिथे भाजले तर दृष्टी कायमची अधू होऊ शकते. चकचकीत हत्यारावरून परतलेला झोतही घातक ठरतो.

'चष्मा लावा' ही सूचनाही अर्धवटच. कोणता चष्मा? कार्बन डायऑक्साइड लेसरचे १०,६०० नॅनोमीटरचे किरण साधी काचही अडवते. १०६४ चे तिच्यातून आरपार जातात. म्हणूनच संरक्षक चष्म्यावर तरंगलांबी व प्रकाशीय घनता छापतात. घनता ५ म्हणजे लाखातला एकच भाग डोळ्यापर्यंत पोचतो.

तेव्हा त्रिकोणाखाली मराठी, हिंदी व सिंधीतून लिहावे : 'किरण दिसत नाहीत. लेसर चालू असताना १०६४ लिहिलेल्या चष्म्याशिवाय आत येऊ नका.' खोली पुसणाऱ्या मावशींचे डोळे डॉक्टरांच्या डोळ्यांइतकेच मोलाचे आहेत. शिक्षकांनी हे चिन्ह फळ्यावर काढून मुलांना जरूर विचारावे, यातून काय कळत नाही?