वन कोणाचे, वहिवाट कोणाची?

सरकारी पुस्तिकेचे परीक्षण दिवाळी अंकात सहसा कोणी लिहीत नाही. कादंबरी, काव्यसंग्रह, फार तर एखादे आत्मचरित्र, एवढीच आम्हां टीकाकारांची शीव. परंतु काही पुस्तिका अशा असतात की, त्यांतील शब्दांनी उडवलेली धांदल पाहिली म्हणजे पुष्कळशा कादंबऱ्या फिक्या वाटू लागतात. इंग्लंडमधील सार्वजनिक वनांच्या भवितव्यासंबंधी ब्रिटिश सरकारने २७ जानेवारी २०११ रोजी अशीच एक पुस्तिका प्रसिद्ध केली. लोकांनी बारा आठवड्यांत आपली मते कळवावीत, अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तीन आठवड्यांतच, १७ फेब्रुवारीला, पर्यावरणमंत्री कॅरोलाइन स्पेलमन यांनी पार्लमेंटात क्षमा मागून सारा बेत मागे घेतला. इतक्या अल्पायुषी पुस्तिकेची आठवण आज काढावयाची ती एवढ्यासाठी की, तिने उपस्थित केलेला प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो एकट्या इंग्लंडचाही नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला लाकडाची विलक्षण टंचाई भासली. कोळशाच्या खाणीत छताला टेकू द्यावयाचे तरी लाकूड हवे, आणि ते येणार जहाजांतून. या अनुभवाने शहाणे होऊन १९१९ साली सरकारने वन आयोग स्थापला आणि तो झाडे लावीत सुटला. २०११ साली त्याच्या ताब्यात इंग्लंडमधील सुमारे २ लक्ष ५८ हजार हेक्टर जमीन होती. त्या देशातील एकंदर वनांचा हा सुमारे १८ टक्के भाग.

पुस्तिकेने या वनांच्या निरनिराळ्या जाती कल्पिल्या. व्यापारी वने दीडशे वर्षांच्या पट्ट्याने खाजगी धंदेवाल्यांना द्यावयाची. न्यू फॉरेस्ट आणि फॉरेस्ट ऑफ डीन यांसारखी वारशाची वने धर्मादाय संस्थांकडे सोपवावयाची. आणि उरलेल्यांपैकी काही गावकऱ्यांना, काही इतर कोणाला विकत वा पट्ट्याने घेऊ द्यावयाची. पट्टा म्हणजे विक्री नव्हे, असे सरकार म्हणत होते. कायद्याच्या दृष्टीने ते खरेच. पट्ट्यात अटी घालता येतात. पण ज्या पट्ट्याची मुदत संपलेली पाहण्यास आपला पणतूही उरेल की नाही याची खात्री नाही, त्याला भाडे म्हणावयाचे की निरोप, हे ज्याने त्याने ठरवावे.

टीकाकाराने गुणांचीही नोंद केली पाहिजे. या पुस्तिकेत एक मुद्दा चोख होता. वन आयोग स्वतः लाकूड विकतो आणि इतरांना झाडे तोडण्याचे परवानेही तोच देतो. दुकानदारानेच बाजारातली मापे तपासावीत, असा हा प्रकार. शिवाय उरलेली ८२ टक्के वने आयोगाकडे नव्हतीच, आणि म्हणून ती काही उजाड झालेली नव्हती. खाजगी म्हटले की कुऱ्हाड, आणि सरकारी म्हटले की सावली, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

मग पुस्तिका फसली कोठे? माझ्या मते ती एका शब्दावर फसली. तो शब्द म्हणजे 'प्रवेश'. लोकांचा प्रवेश सुरक्षित राहील, असे आश्वासन तीत पुन्हा पुन्हा दिलेले होते. २००० सालच्या एका कायद्याचा आधार घेऊन आयोगाने आपल्या मालकीची बहुतेक वने लोकांना कायमची खुली केली होती, आणि मालक बदलला तरी तो हक्क बदलणार नव्हता. पण हा हक्क मुख्यतः पायी चालण्याचा. सायकलीचे, घोड्याचे, मोटार उभी करण्याच्या जागेचे काय? आता एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. आजोबांचे गुडघे दुखतात, धाकटे मूल बाबागाडीत आहे, डबे बरोबर आहेत. वन गावापासून दहा मैलांवर. तेथील मोटारतळाला नव्या मालकाने कुलूप ठोकले, तर आजोबांचा चालण्याचा हक्क कागदावर शाबूत आहे, पण तो बजावावयाचा कसा? 'प्रवेश' हा शब्द जागचा हललेला नसतो. हललेले असते ते दार. पुस्तिकेच्या भाषेने नेमके हे दारच झाकले, आणि लोकांनी ते ओळखले. पाच लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर नावे घातली. विख्यात नटी ज्यूडी डेंच आणि कँटरबरीचे आर्चबिशप यांच्यासारख्यांनीही जाहीर पत्रावर सह्या केल्या.

मात्र विरोधकांचे वाङ्मयही मला सर्वस्वी निर्दोष वाटत नाही. त्यांच्या बाजूने रॉबिन हुड धावून आला, शेक्सपिअरचे आर्डेनचे वन धावून आले, सनातन इंग्लंडच्या गर्द छायेचे गोडवे गायिले गेले. वस्तुतः आयोगाच्या पुष्कळशा वनांत सुचिपर्णी झाडे कवायतीच्या शिपायांसारखी ओळीने उभी आहेत, आणि ती लावली ती खाणींसाठी. त्यांत सनातन असे काही नाही. आणि जुने 'फॉरेस्ट' म्हणजे तरी काय? मुळात तो शब्द झाडांचा नसून कायद्याचा. राजाने शिकारीसाठी राखलेला, सामान्य कायद्याबाहेरचा तो मुलूख. १२१७ साली वनांची सनद निघाली तेव्हा कोठे सामान्य माणसाला गुरे चारण्याचे, सरपण आणण्याचे हक्क परत मिळाले. तेव्हा इंग्रजांनी अभिमान धरावयाचा तर वनाच्या सौंदर्यापेक्षा त्या सनदेचा धरावा.

हे सर्वांत चांगले जाणले होते फॉरेस्ट ऑफ डीनच्या रहिवाशांनी. तेथे जन्मून खाणीत एक वर्ष नि एक दिवस काम केलेल्याला स्वतंत्रपणे खाण चालविण्याचा जुना हक्क आहे. १९८१ साली सरकारने वने विकण्याची मुभा कायद्याने घेतली, तेव्हा डीनचे वन त्यातून वगळणे त्याला भाग पडले. २०१० साली ते संरक्षण जाणार असे दिसताच ही मंडळी पुस्तिकेची वाट न पाहता उठली. त्यांना काव्याची गरज नव्हती. त्यांच्याजवळ वहिवाट होती.

वहिवाट! हा आपल्या महसुली दप्तरातला शब्द मला येथे फार मोलाचा वाटतो. कारण मराठी कानाला 'सरकारी जंगल' हे शब्द इंग्रजासारखे ऐकू येत नाहीत. त्याला त्यात मोकळी पायवाट ऐकू येते. आपल्याला दंडाची पावती. १८७८ च्या जंगल कायद्याने येथील रानांवर सरकारची मोहर उठली, आणि जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, डोंगर, दऱ्या, गायराने सारे जंगलखात्याने गिळल्याबद्दल कोरडे ओढले. म्हणजे येथे लोकांना बाहेर काढले ते कोणा सावकाराने नव्हे, सरकारने. तेही त्याच राजसत्तेच्या नावाने. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने वहिवाटीला पुन्हा कागद दिला, आणि २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. वन जागचे हलले नाही. हक्काची नोंद तेवढी झाली.

इंग्लंडात पुढे काय झाले? लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१२ मध्ये अहवाल दिला. सार्वजनिक वनांवर वर्षाला सुमारे २ कोटी पौंड खर्च होतो आणि त्यांपासून सुमारे ४० कोटी पौंडांचे हित साधते, तेव्हा ती सार्वजनिकच राहावीत, असे तिने सांगितले. २०१३ साली सरकारने ते मान्य केले आणि वने विश्वस्ताप्रमाणे सांभाळणारी स्वतंत्र संस्था कायद्याने स्थापण्याचे वचन दिले. तो कायदा मात्र झाला नाही. वने वाचली ती लोकांच्या संतापाने. आणि संताप ही काही दरसाल पिकणारी वस्तू नव्हे.

म्हणून मला वाटते, या वादात दोन्ही पक्षांनी मालकीवर जरुरीपेक्षा अधिक शाई खर्च केली. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. पण 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे, तो कोणाला खोडता येईल का, आणि फाटकाची किल्ली कोणाजवळ राहील, हे तितकेच महत्त्वाचे. यापुढे कोणतेही सरकार, तेथले असो वा येथले, वनांविषयी गोड शब्दांची पुस्तिका काढील, तेव्हा वाचकांनी पहिले पान सोडून आधी तो रकाना शोधावा.