हातभर उंचीचा हर्क्युलिस

पडद्यावर हे शिल्प आत्ता दहा फुटांचं दिसतंय. त्यावर जाऊ नका. अंतोनियो पोलायुओलोचं हे ब्राँझ, 'हर्क्युलिस आणि अँटेयस', बैठकीसकट साधारण 45 सेंटिमीटर, म्हणजे हातभर उंच आहे. 1470 च्या दशकातलं, मेदिची घराण्याच्या संग्रहातलं; आज फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे.

कथा कुस्तीची, पण उलटी. अँटेयस हा पृथ्वीचा मुलगा. जमिनीला अंग लागलं की त्याचं बळ वाढतं, त्यामुळे त्याला चितपट करून उपयोग नाही. म्हणून हर्क्युलिस त्याच्या कंबरेला कव घालतो, उचलतो आणि अधांतरीच आवळतो. पोलायुओलोनं नेमकं तेच धरलंय. हर्क्युलिस मागे रेललाय, अँटेयसच्या उघड्या तोंडातून किंकाळी निघतेय, त्याचा पाय मागे हवेत फेकला गेलाय. संगमरवरात असा पाय आधाराशिवाय टिकवणं अवघड. ब्राँझ तो पेलतं. आणि बैठक तिकोनी! समोर असं काही नाहीच. बघणाऱ्यानं भोवती फिरायचं, नाहीतर शिल्प फिरवायचं.

आता मांटुआच्या पिएर याकोपो आलारी बोनाकोल्सीकडे येऊ. प्राचीन शिल्पांच्या वेडापायी लोक त्याला 'अँटिको'च म्हणत. त्यानं हाच प्रसंग रोममधल्या एका भग्न संगमरवरी शिल्पावरून घेतला. तुटलेले अवयव आपल्या कल्पनेनं पुरे केले. साचे जपून ठेवले होते, त्यामुळे 1519 मध्ये इझाबेला देस्तेसाठी पुन्हा ओतकाम करता आलं. ती प्रत व्हिएन्नात आहे.

अँटिकोची सफाई बिनतोड आहे. त्याच्या अपोलोचे सोनेरी केस आणि चांदीचे डोळे बघत राहावेत असे. पण त्याच्या या कुस्तीत आम्हाला घाम दिसत नाही. हर्क्युलिसनं मागून धरलंय, अँटेयस वळवळतोय, तरी दोघंही जणू आधीच संग्रहात जाऊन बसलेत. अभ्यासक त्याला जास्त मान देतात, कारण त्याच्याकडे मूळ शिल्प दाखवता येतं. छोट्या ब्राँझना मोठ्या मूर्तींच्या खिशातल्या प्रती समजण्याची ही जुनी खोड आम्हाला पटत नाही. पोलायुओलोचं शिल्प मोठं केलं तर बिघडेल. दोन माणसांचा जीव आपल्या दोन हातांच्या ओंजळीत मावतो, तिथेच त्याची धास्ती आहे.

जरा दिवे घालवा. हाच पाय आता मागच्या बाजूनं बघू.