डबीवरची चिठ्ठी काय सांगते?

जर्मनीतील हाम या शहरात वर्षातून अनेकदा सरपटणाऱ्या आणि अपृष्ठवंशी प्राण्यांचा मोठा विक्री-मेळा भरतो. ब्रिटनमध्येही असे मेळे भरतात. लांब टेबलांवर पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या रचलेल्या असतात. प्रत्येक डबीत एखादा केसाळ टॅरंटुला कोळी, विंचू किंवा गोम, आणि वर एक चिठ्ठी. विज्ञान-प्रदर्शनाला आपण जी कसोटी लावतो तीच या मांडणीलाही लावावी, असे आम्हाला वाटते. ही मांडणी प्राण्याविषयी काय सांगते आणि काय सांगायचे टाळते?

प्रथम चिठ्ठी वाचू. तिच्यावर शास्त्रीय नाव असते, ही चांगली गोष्ट आहे. पुढे आकडे असतात: १.० म्हणजे नर, ०.१ म्हणजे मादी, ०.०.१ म्हणजे लिंग न ओळखलेला जीव. ‘एनझेड’ या जर्मन आद्याक्षरांचा अर्थ बंदिवासात पैदा झालेला, ‘डब्ल्यूएफ’ म्हणजे रानातून पकडलेला. शेवटी किंमत. आयुष्याविषयी मात्र बहुधा एक अक्षरही नसते. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या टॅरंटुलाची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते; नर मात्र वयात आल्यावर थोड्याच काळात मरतो. म्हणजे ‘१.०’ आणि ‘०.१’ यांत घेणाऱ्याच्या दृष्टीने अनेक वर्षांचे अंतर आहे. हे नवख्या माणसाला कोण सांगणार?

आता डबी. इतक्या लहान जागेत कोंडणे क्रूरपणाचे आहे, असा आक्षेप चटकन सुचतो. तो पूर्ण खरा नाही. टॅरंटुलाचे पोट नाजूक असते आणि उंचावरून पडल्यास ते फुटू शकते. पाय सरळ करण्यासाठी त्याला शरीरातील द्रवाच्या दाबावर अवलंबून राहावे लागते. हा द्रव वाहून गेला की कोळी जगत नाही. म्हणून एका दिवसापुरती लहान, ओलसर कागद घातलेली डबी मोठ्या पेटीपेक्षा सुरक्षित असते. आमचा आक्षेप वेगळा आहे. पायांवरील केस आणि सूक्ष्म फटी यांनी कोळी बारीकशी थरथरही टिपतो. त्याला प्रखर दिव्याखाली, सतत धक्के बसणाऱ्या टेबलावर ठेवायचे आणि गिऱ्हाईकाने डबी उचलून फिरवून पाहायची, यात त्याच्या ज्ञानेंद्रियांचा विचारच केलेला नाही. त्यातच तो कात टाकण्याच्या बेतात असेल तर धोका अधिक. लपणे हाच ज्याचा स्वभाव, तो येथे लपू शकत नाही.

या डब्यांत आपल्याकडचा एक कोळीही सापडतो. निळ्याजर्द रंगाचा पोसिलोथेरिया मेटॅलिका हा कोळी आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे मिळालेल्या एका नमुन्यावरून पोकॉक यांनी १८९९ मध्ये वर्णिला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा सापडला. तेथे तो झाडांच्या ढोलीत राहतो. २००८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली, आणि २०१९ मध्ये पोसिलोथेरिया हा संपूर्ण वंश ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला. सह्याद्रीत आढळणारा पोसिलोथेरिया रेगॅलिस याच वंशातला.

अशा कोळ्याच्या डबीवर ‘एनझेड’ लिहिलेले असते तेव्हा ते खोटे असतेच असे नाही. बंदिवासातील पैदाशीमुळे रानावरचा ताण कमी होऊ शकतो, हेही मान्य केले पाहिजे. पण ती अक्षरे फक्त या पिल्लाच्या जन्माविषयी बोलतात. त्याचे पूर्वज त्या चिमुकल्या जंगलातून केव्हा आणि कोणाच्या परवानगीने बाहेर पडले, याविषयी चिठ्ठी गप्प असते.

कायद्याचाही येथे फारसा आधार नाही. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाचा अर्थ मनुष्याखेरीज अन्य पृष्ठवंशी प्राणी असा आहे. प्राण्यांच्या संवेदनक्षमतेविषयीच्या २०२२ च्या कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपस यांच्या वर्गांना स्थान मिळाले. कोळी आणि विंचू बाहेरच राहिले. पाठीचा कणा नाही म्हणून हाल होत नाहीत, असे अनुमान काढण्यास शास्त्रीय आधार नाही.

आपल्या शाळांच्या प्रदर्शनांतही कधीकधी बरणीत कोंडलेला विंचू ठेवलेला असतो. त्याला किंमत लावलेली नसते एवढाच फरक. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे. भिंतीवरचा कोळी जागेवरून न हलवता त्याची चिठ्ठी तयार करायची: तो कोठे राहतो, काय खातो, त्याला कोण खाते, किती जगतो. बाहेरून आणलेल्या प्राण्यासाठी पाचवी ओळ घालावी: तो येथे कसा आला? ज्याच्या चिठ्ठीत ही ओळ भरता येत नाही, तो प्राणी मांडणीत ठेवू नये; मग ती मांडणी हामची असो वा आपल्या शाळेची.