अम्बपालीच्या गाथांतील उपमा : एक विद्यार्थिवाचन

शालेय जीवनात अलंकारांशी आमचा परिचय झाला तो गुणांच्या निमित्ताने. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द ही चार अंगे पाठ करावयाची, दिलेल्या ओळीत ‘सम’, ‘समान’, ‘परी’ यांपैकी एखादा शब्द हेरावयाचा आणि ‘उपमा’ असे लिहून मोकळे व्हावयाचे. कवीने नेमके तेच उपमान का योजिले, हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नाही आणि आम्हीही तो स्वतःस विचारला नाही. पुढे पालीच्या अध्ययनात थेरीगाथेतील अम्बपालीच्या गाथा वाचावयास घेतल्या, तेव्हा ही पाठांतराची विद्या थिटी पडली.

वीसतिनिपातात परंपरेने अम्बपालीच्या नावे आलेल्या १९ गाथा आहेत. वैशालीची ही गणिका महापरिनिब्बानसुत्तामुळे आपल्या परिचयाची आहे. भगवान बुद्धांस दिलेले भोजनाचे निमंत्रण लिच्छवींनी लाख मुद्रा देऊ केल्या तरी तिने त्यांना दिले नाही, आणि आपले आम्रवन संघास दान केले. या गाथांत ती केसांपासून पायांपर्यंत स्वतःच्या देहाकडे पाहते. आधी तारुण्यातील रूप, मग जरेने पालटलेले रूप आणि शेवटी सत्यवादी बुद्धांचे वचन अन्यथा होत नाही अशा आशयाचे ध्रुवपद, अशी बहुतेक गाथांची घडण आहे.

आता उपमानांकडे पाहावे. तारुण्याच्या वर्णनात भ्रमर, कोकिळा, घासून उजळलेला शंख, सोन्याचा पत्रा, हत्तीची सोंड अशी उपमाने येतात. रसिकमान्य काव्याचे हे ठरलेले भांडार होय. वार्धक्याच्या वर्णनात मात्र तिचे केस तागाच्या वाखासारखे, मांड्या बांबूच्या नळ्यांसारख्या, पिंढऱ्या तिळाच्या काटक्यांसारख्या आणि स्तन पाण्यावाचून लोंबणाऱ्या पखालींसारखे झाले आहेत. ही उपमाने शेतातून, खळ्यावरून, पाणवठ्यावरून आली आहेत. (ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दोर वळले गेले, त्यांना वाख म्हणजे काय हे टीप देऊन सांगावे लागत नाही.) म्हणजे एकाच गाथेत दोन जगे समोरासमोर उभी राहतात. पहिल्या जगातील उपमा देहाला सजवितात, दुसऱ्या जगातील उपमा साक्ष देतात. ‘अलंकार’ या शब्दाचा दागिना हा अर्थ येथे अपुरा पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही गाथांत दुसरी उपमाच नाही, ही गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. कोकिळेसारखा तो स्वर आता जागोजागी अडखळतो, एवढेच ती सांगते. रत्नांसारखे डोळे जरेने ग्रासले आहेत, ते शोभत नाहीत. सांगावयाची वस्तुस्थिती पुरेशी बोलकी असता उपमा न देणे, हाही कवित्वाचाच विवेक होय.

या गाथांत निराशावाद आहे, स्त्रीदेहाविषयी घृणा आहे, असा आक्षेप घेतला जातो. देहाची किळस उपजविणारी वचने बौद्ध साहित्यात आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे बोलणारी स्त्री स्वतःच्याच देहाविषयी बोलत आहे, आणि पूर्वीचे सौंदर्य खोटे होते असे ती एकदाही म्हणत नाही. ते होते आणि आता नाही, इतकेच तिचे म्हणणे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाच्या शिकवणुकीस निराशावाद ठरविणाऱ्या मांडणीवरच प्रश्नचिन्ह लावले. वस्तू अपरिवर्तनीय असत्या तर जीवसृष्टीचा विकासच खुंटला असता, असेही त्यांनी त्यात म्हटले आहे. ही दृष्टी ठेवून वाचले असता ‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांमधील अंतर शोकाचे वाटत नाही. ज्या बदलाने रूप गेले, त्याच बदलाने गणिकेची थेरी झाली.

शेवटच्या गाथेत अवयवांची गणना संपते. तेथे देह जीर्ण घरासारखा आहे असे ती म्हणत नाही. लेप गळून पडलेले जीर्ण घर म्हणजेच हा देह. ‘सारखे’ हा शब्द तेथे उरत नाही. शाळेतील व्याख्येप्रमाणे हे रूपक, कारण उपमेय आणि उपमान यांत अभेद आहे. एवढ्या तुलना करून झाल्यावर तिने तुलना सोडली आहे, आणि आम्ही पहिल्या वाचनात नेमकी हीच गाथा उपसंहार समजून घाईने ओलांडली होती.