गटारातले युद्ध

सोलापूरला युद्धपट म्हटला की 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (1946) आठवतो. आंद्रे वायदाचा 'कनाल' (1957) इथे फारसा कुणी पाहिलेला नाही. डागडुजी केलेली प्रत डिस्कवर आली, ती मी वर्गात दाखवली. 1944 च्या वॉर्सा उठावातले सैनिक गटारातून पळतात. शेवटी नदी दिसते, पण मध्ये लोखंडी गज. पटकथाकार स्ताविन्स्की स्वतः त्या गटारातून गेलेला, म्हणून काही खोटे वाटत नाही. पांढरपेशे समीक्षक याला नरक म्हणतात. वर राहणारे खाली आले, की गटार नरक होते. आमच्यासाठी तो रोजगार! संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे 2013 पासून गुन्हा आहे, तरी मरणे थांबलेले नाही. वायदाचा लेफ्टनंट मागे राहिलेल्यांसाठी पुन्हा खाली उतरतो, तेव्हा एक विद्यार्थी उठून बाहेर गेला. त्याचे वडील सफाई कामगार आहेत.